गुलछडीच्या पाठीची व्यवस्था

मी, पार्थ ज्ञानेश्वर दवंगे, वय चोवीस, शिक्षण बारावी नापास, कामाला नागापूर एमआयडीसीत पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये, मूळ घर कोपरगाव तालुक्यात गोदावरीकाठी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, दुखते ते फक्त जांघेत. शनिवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अरे, दुसऱ्या दिवशी घरी जाशील." मग बरेवाईट झाल्यास त्यांची जबाबदारी नाही, अशा कागदावर माझी सही कशाला घेतली, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. म्हणून हे लिहिणे आले.

घर आणि शेत वडिलांच्या नावावर आहे, त्यात मी हात घालत नाही. मोटारसायकल वडिलांना द्यावी. तिचा मागचा ब्रेक लागत नाही, हे त्यांना अनेकदा सांगून झाले, आता लेखी सांगतो. पत्रा कापायची कात्री वर्कशॉपमधल्या कोणालाही देऊ नये. ते परत करत नाहीत.

आता मुख्य मालमत्ता. माझी घोडी गुलछडी, रंग अबलख, चाल रेवाल. रेवाल म्हणजे स्वार उसळत नाही, हातातला भरलेला तांब्या सांडत नाही. तिचे आईबाप बघून मी ती शिंगरू असताना घेतली, माझ्या पगारातून. ही घोडी माझी धाकटी बहीण आरती हिला देत आहे. गुलछडी तिच्या हाकेला येते. माझ्या हाकेला विचार करून येते.

माझे चुलते काकासाहेब यांना घोडी देऊ नये. त्यांचा वरातीचा धंदा आहे. गेल्या वैशाखात मी कामावर असताना त्यांनी तिच्यावर आपले चांदीच्या पत्र्याचे खोगीर कसले आणि नवरदेव बसवला. खोगीर पुढून अरुंद, ते तिच्या खांद्याच्या हाडांवर बसले. तिथले केस गेले ते पांढरे होऊन आले. त्यानंतर खोगीर दिसले की ती पाठ खाली घेते आणि आखडून चालते. काका गावभर सांगतात, "चाल मोडली तिची. आता वरातीलाच बरी हाय." मोडली कोणी, हे सांगत नाहीत.

खोगिरे एकूण दोन शिल्लक आहेत. पहिले घोडेबाजारातून तयार आणलेले, ते मधे टेकतच नाही, पुढे आणि मागे तेवढे टेकते. ते कोणालाही द्यावे, ज्याच्याकडे घोडा नाही त्याला द्यावे. दुसरे राजूरच्या भीमाने मापाने केलेले. माप घ्यायला तो साखर कारखान्याच्या हंगामात आला. तेव्हा आमच्याकडे उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खाऊन घोडी गोल झाली होती. चैत्रात वाढे संपले, घोडी उतरली, आणि तेच खोगीर खाली बसून पाठीच्या कण्याला घासायला लागले. मी फोन केला, तर भीमा म्हणाला, "खोगीर हाय तेवढंच हाय, घोडी कमी झाली, तर मी काय करू?" मी म्हणालो, आत जादा लोकर भर. तो म्हणाला, "मग हंगामात पुन्हा काढायला मीच येऊ व्हय?" हो, त्यानेच यावे. हा माझा आग्रह आहे आणि मेल्यावरही राहील.

माझ्या पेटीत दोन तारा आहेत. मापासाठी गुलछडीच्या खांद्यामागे पाठीवर दाबून वाकवलेल्या, एक हंगामातली, एक चैत्रातली. आरतीने दोन्ही भीमाला द्याव्यात. खोगिराचा सांगाडा रुंद तारेच्या मापाने बनवावा, आणि उन्हाळ्यात खाली घालायला सुटी गादी अरुंद तारेच्या मापाने. ते होईपर्यंत उघड्या पाठीवर बसावे. उघड्या पाठीवर तिची चाल अजून साबूत आहे, हे मी शपथेवर लिहितो, कारण कोणी विश्वास ठेवत नाही.

वकीलबाई राजेश्वरी कुलकर्णी म्हणाल्या, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. हीच अडचण आहे. डॉक्टरांनी मला तीन महिने घोड्यावर बसायला बंदी केली आहे, आणि रविवारी गावात लग्न आहे. काका माझ्या मरणाची वाट बघत नाहीत, माझ्या ऑपरेशनची बघत आहेत. जिवंत राहिलो तर काय, असे मी विचारले. वकीलबाई म्हणाल्या, "मग काकांशी बोला." एवढ्यासाठी मी वकिलाकडे गेलो होतो.

त्यांनी आणखी एक सांगितले, की ज्याला काही द्यायचे आहे, त्याला साक्षीदार करू नये. त्यावरून काकासाहेबांना साक्षीदार करत आहे. त्यांनी सही करण्याआधी गुलछडीवर खोगिराशिवाय बसावे, भरलेला तांब्या हातात घेऊन पाटाच्या पुलापर्यंत जाऊन यावे, आणि काय झाले ते सहीच्या वर आपल्या हाताने लिहावे. खोटे लिहिले तर आरती बघत असेल.

कोपरगाव, दिनांक २४ एप्रिल २०२५, गुरुवार.

सही: पार्थ ज्ञानेश्वर दवंगे

साक्षीदार १: राजेश्वरी कुलकर्णी, वकील

साक्षीदार २: जाताना टिपूस न्हाई सांडला. येताना सांडला, पन तो मला हसू आलं म्हनून. लई वर्षांनी असा बसलो. घोडीचा दोष न्हाई. रविवारच्या नवरदेवाला जीप सांगितली हाय. तू गप ऑपरेशन करून घे.
काकासाहेब दवंगे