तीनला भरलेले चारचे आकडे

वृंदावन योजना, लखनौ
१२ नोव्हेंबर २०२४

ती. सुनंदाआत्यास,
भावनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कानाचं मशीन पुन्हा बिघडल्याचं शेजारच्या दादारावकाकांनी फोनवर सांगितलं आणि मला बरंच वाटलं. राग मानू नकोस. फोनवर हे सगळं ओरडून सांगावं लागलं असतं, आणि आमच्या सोसायटीत शिंकलं तरी खालच्या मजल्यावरून विचारपूस होते.

गेल्या गुरुवारी रात्री ड्युटीवर मी झोपले असताना एका पेशंटच्या मुलीने माझा व्हिडिओ काढला. निम्म्या लखनौने तो पाहिला असेल. ड्रेसिंग रूममधल्या स्ट्रेचरवर मी तोंड उघडं टाकून पडले आहे, पायात मोजे, अंगावर वॉर्डाचीच चादर. आशुतोष म्हणाला की घोरत नाहीस एवढंच नशीब. मला हसू आलं, आणि मग अर्धा तास रडू आवरेना.

तू स्वतः सिस्टर होतीस, वॉर्डाची रीत तुला सांगायला नको, तरी सांगते. बेचाळीस पेशंट, दोन सिस्टर, रात्री आठ ते सकाळी आठ. नीलम आणि मी रात्र वाटून घेतो. एक ते तीन ती पडते, तीन ते पाच मी. हे कुठे लिहिलेलं नाही, पण इन्चार्ज प्रतिमा सिस्टरपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री पावणेचारला रामदुलारे नावाच्या पेशंटला दरदरून घाम फुटला. तेलीबागेत पंक्चरचं दुकान आहे त्यांचं. नीलम पलीकडच्या टोकाला नव्या पेशंटला सलाईन लावत होती. त्यांची मुलगी सिस्टर शोधत माझ्यापाशी आली. तिने आधी व्हिडिओ काढला, मग मला हलवलं. मी धावले, डॉक्टरांना बोलावलं, आणि ते सावरले. पण मला नोटीस मिळाली आहे. लेखी खुलासा मागितलाय, नोकरी जाऊ शकते.

आता दिवसाही झोप येत नाही. डोळा लागला की खाली सब्जीवाला भैया ओरडतो, वरच्या मजल्यावर फरशी कापतात. चेतना शाळेतून येते आणि हिंदीत विचारते की मम्मी, तू अजून जागीच का. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र मराठीत मिळत नाही. काय लिहू खुलाशात, ते लवकर कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भावना


अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

चि. भावनास,
आत्याचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच समोरच्या कांचनने मला तो व्हिडिओ दाखवला. तोंड उघडं टाकून झोपायची तुझी सवय पाचवीपासूनची आहे, पण ती सरकारी स्ट्रेचरवर दाखवायची काही गरज नव्हती.

मी तेहतीस वर्षं नोकरी केली. रात्रपाळीत माझा डोळा कधी मिटला नाही, हे निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं होतं. तुम्हा पोरींना आठवडाभर रात्रपाळी लागली की पाठ दुखते. असो. रागवायची ही वेळ नाही.

नीट ऐक. झोपले होते असं कागदावर कुठेही कबूल करू नकोस. उपाशीपोटी साखर उतरली, चक्कर आली म्हणून पडले, असं लिही आणि ओळखीच्या डॉक्टरचा दाखला जोड. नीलम त्या वेळी जागेवर नव्हती, हेही एका ओळीत घाल. वाईट वाटेल, पण आपलं घर आधी सांभाळावं. तुझ्या बापाने वीटभट्टीवर राबून तुला नर्सिंगला घातलं. दुसऱ्याची चूक लोक चार दिवसांत विसरतात, आपली चूक आपल्या सात पिढ्यांच्या नावावर मांडतात. हे तुला शाळेपासून माहीत आहे.

रात्री दूध पीत जा. पायाला तेल चोळ.

तुझी काळजी करणं एवढंच काम उरलेली,
सुनंदाआत्या


लखनौ
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू सांगितलंस तसा खुलासा लिहिला, दाखलाही मिळाला. गेले तीन दिवस दोन्ही पर्समध्ये घेऊन फिरते आहे. द्यायला हात होत नाही, कारण तुला मी सगळं सांगितलं नव्हतं.

आमची आणखी एक रीत आहे. पहाटे चारला प्रत्येकाची नाडी, ताप, बी.पी. बघून तक्त्यावर लिहायचं असतं. झोपायला जाणारीच्या बाजूचे एकवीस बेड दुसरीच्या अंगावर पडू नयेत, म्हणून ती तीनलाच चारचे आकडे भरून ठेवते. बाराच्या आकड्यांत थोडं इकडेतिकडे करायचं. मीही भरले होते. रामदुलारेंच्या तक्त्यावर चारचं बी.पी. एकशे अठरा-शहात्तर लिहिलेलं आहे. खरं तर तेव्हा ते सत्तरवर होतं आणि मी त्यांच्या उशाशी उभी होते.

धावपळीत ते खोडायचं राहून गेलं. सकाळच्या राउंडला नव्या डॉक्टरांनी माझा आकडा पाहिला, पेशंट चारलाच सुधारला असं समजून सलाईन कमी केलं. संध्याकाळी त्यांचं बी.पी. पुन्हा उतरलं, दोन दिवस आयसीयूत ठेवावं लागलं. आत्या, मी झोपले म्हणून त्यांना काही झालं नसतं. माझ्या अक्षराने झालं.

चौकशी समितीने अजून फक्त व्हिडिओ पाहिला आहे, तक्ता मागवलेला नाही. प्रतिमा सिस्टरांनी मला कोरा तक्ता आणून दिला आणि सांगितलं की शांतपणे नवा लिही, जुना फाडून टाक, असं सगळ्याच करतात. मला पाच डिसेंबरपर्यंत मुदत आहे. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरते. आशुतोष म्हणतो की बस जरा. बसले की उठावंसं वाटतं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

उत्तराची वाट पाहणारी,
भावना


अकोला
२८ नोव्हेंबर २०२४

चि. भावनास,
आत्याचे आशीर्वाद.

तुझ्या जागी मी होते. काय केलं ते सांगते.

मी सत्तावीस वर्षांची होते, तालुक्याच्या दवाखान्यात. बाळंतिणींचा वॉर्ड होता आणि रात्री मी एकटी. दोनला सगळ्यांचे चारचे आकडे भरले आणि टेबलावर डोकं ठेवलं. साडेपाचला जाग आली तेव्हा एक पहिलटकरीण गार पडली होती. तक्त्यावर तिची चारची नाडी ऐंशी, माझ्या सुंदर अक्षरात.

मी तक्ता फाडला. नवा लिहिला. चारला नाडी मंद वाटली, डॉक्टरांना निरोप पाठवला, असं त्यात लिहिलं. डॉक्टर म्हणाले की निरोप आला नाही. तेव्हा मी सांगितलं की वॉर्डातल्या आयाला पाठवलं होतं, ती वाटेत कुठे बसली कोण जाणे. आयाला काढून टाकलं. ती माझ्या पाया पडून गेली, कारण मीच तिच्यासाठी रदबदली करीन असं तिला वाटलं होतं.

मी पहाटे चारला वंदनेला उठते, असं तू लहानपणी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचीस. मी वंदनेसाठी उठत नव्हते. जाग यायची म्हणून वंदना करत होते. डोळा कधी मिटला नाही हे साहेबांचं म्हणणं त्या रात्रीनंतर खरंच होतं.

मागच्या पत्रात मी तुला तोच रस्ता दाखवला, नीलमच्या नावासकट. हात आपसूक तिकडे वळला, याची मला लाज वाटते. त्या कोऱ्या तक्त्याला हात लावू नकोस. नोकरी गेली तर अकोल्याला ये, माझ्या पेन्शनीत दोन ताटं वाढता येतात.

कुठल्या तोंडाने आशीर्वाद देऊ हे न कळणारी,
सुनंदाआत्या


लखनौ
१४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

जुना तक्ता आणि खरा खुलासा दोन्ही दिले. झोपले होते, आकडे आधी भरले होते, दोघींत बेचाळीस पेशंट होते, सगळं लिहिलं. नोकरी राहिली. सेवापुस्तकात नोंद झाली आणि माझी बदली रेकॉर्ड विभागात केली, आता पेशंटला हात लावायचा नाही.

लोक शाबासकी देतील असं तुला वाटत असेल तर तसं काही नाही. माझ्या खुलाशावरून समितीने महिन्याभराचे तक्ते काढले आणि आणखी चौघींना नोटिसा गेल्या. त्यांत नीलम आहे. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, आता ती मला पाहून जिना बदलते. वॉर्डात तिसरी सिस्टर मात्र अजून आलेली नाही.

रामदुलारे घरी गेले. त्यांची मुलगी मला शोधत आली होती. तिने विचारलं की पप्पांची तब्येत दुसऱ्यांदा बिघडली ती त्या आकड्यामुळे का. मी हो म्हटलं. ती वळली आणि निघून गेली.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मला तुझा राग आला आहे, तो लपवत नाही. तुझ्यासारखं व्हायचं म्हणून मी नर्स झाले. पत्रात तू दोघींची नावं लिहिली नाहीस, त्या बाळंतिणीचं आणि त्या आयाचं. ती मला हवी आहेत. का ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही.

तुझीच,
भावना


अकोला
२० डिसेंबर २०२४

चि. भावनास,

मुक्ता विश्वास इंगळे. वय बावीस. बेड नंबर नऊ. मुलगी झाली होती, वजन अडीच किलो. चारची नाडी मी पाहिली नाही.

आयाचं नाव तीन दिवस आठवून पाहते आहे. जुन्या मैत्रिणींकडेही चौकशी केली. कोणालाच सांगता येत नाही. आम्ही तिला आया म्हणूनच हाक मारायचो.

लोभ पूर्वीइतका राहिला आहे का, तेवढं पुढच्या पत्रात लिही.

सुनंदा