उरलेले पाच दात

९ जानेवारी
खालचा सुळा हलतोय. जिभेनं ढकलून पाहिला. काही वाटलं नाही. चहा घेतला.

१४ जानेवारी
मुलगी जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "काका, तोंड किती कोरडं पडलंय! गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मुलीनं सांगितलं — आई गेल्यापासूनची, मन शांत राहायची. "आणि गालात काय धरता?" पेपरमिंट. कोरड पडते म्हणून; दिवसाला दहा-बारा. बाईंनी कपाळावर हात मारला. लाळ नाही, वर साखर! मुळं किडली, हिरड्या सुटल्या. वरची कवळी आहेच, खाली उरलेत सहा.

"बाबा, चाळीस वर्षं कवळ्या केल्यात, तुम्हाला एवढं कळू नये?" नाही कळलं. माझा धंदा खोट्या दातांचा. खरे दात शाबूत असलेला माणूस माझी पायरी कशाला चढेल!

१५ जानेवारी
दोनदा ब्रश. पेपरमिंट बंद. कंटाळा.

२२ जानेवारी
सुळा काढला. बाई म्हणाल्या, बाकीचे पाच वाचवायचे तर ती गोळी सुटायला हवी. मुलगी घाबरली — "अहो, त्या गोळीमुळे तर ते उठून जेवतात!" मी समोरच बसलेला. सगळेच उपटा, म्हणणार होतो. पण खालची अख्खी कवळी धड बसत नाही, घास चावला की उचलते. गिऱ्हाइकांना ठोकून द्यायचो, "होईल हो सवय!" फारशी कुणाला होत नसे. म्हटलं, सोडू गोळी.

३० जानेवारी
मनाच्या डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. मुलगी रोज फोनवर विचारते, "बरे आहात ना?" बरा आहे म्हणतो. बरा म्हणजे काय, देव जाणे.

२६ फेब्रुवारी
गोळी पूर्ण बंद. तोंडात लाळ येतेय. सफरचंदाची फोड चावली, बारीक कापून का होईना. गोड होती.

४ मार्च
पाचही घट्ट, बाई खूश. घरी येऊन दात घासताना एकदम आठवलं. बायको गेली तेव्हा दवाखान्यात तिची कवळी मीच काढली होती. माझ्याच हातची. धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळली, खिशात टाकली — दुरुस्तीला आलेली ठेवायचो तशी. कवळी लावल्याशिवाय ती दार उघडायची नाही. आणि शेवटचं सगळ्यांनी तिचं बोळकं तोंड पाहिलं. माझ्या खिशात होती! तेव्हापासून रडतोय.