बाबांचे रिकामे रकाने

सोमवार, ३ मार्च

पुन्हा बाबांची फाइल, पुन्हा भोकं! रक्तदाब रोज दोनदा मोजून संगणकावर उतरवायचा, इतकी साधी गोष्ट. चार रकाने — तारीख, सकाळचा दाब, संध्याकाळचा दाब, नाडी. डिसेंबर नेटका, पुढे संध्याकाळचा रकाना निम्म्याहून अधिक कोरा. डॉक्टरीणबाईंना या आठवड्यात सलग आकडे हवेत. बाबांना त्या घरात एकटं राहू द्यायचं की नाही, हे त्यावरून ठरणार. आणि बाबा तर तिथून हलायचं नावही काढू देत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

दादाचा फोन. "अगं, हाताने भर आणि मोकळी हो. कोण बघतंय?"

मी बघते! हाताने भरणं म्हणजे चुकांना आमंत्रण. फाइल ओळीमागून ओळ चाळणारं ऑक हे संगणकातलं अवजार मग कशासाठी आहे?

तरीही दुपार पाण्यात. सलग मोकळ्या जागा ऑकच्या लेखी एकच. कोरा रकाना त्याला दिसलाच नाही. नाडी सरकून दाबाच्या जागी बसली. संध्याकाळचा दाब बहात्तर! या हिशेबाने बाबा केव्हाच आडवे व्हायला हवे होते.

बुधवार, ५ मार्च

दोन रकान्यांमध्ये साधी मोकळी जागा नाही, टॅबची खूण आहे, हे ऑकला बजावून सांगावं लागतं. सांगितलं. रकाने जागच्या जागी.

पण कोऱ्या जागी भरायचं काय? गाळलेली जागा भरण्याआधी ती का गाळली ते विचारा, असं मी वर्गात दरवर्षी घसा फोडून सांगते. म्हणून फोन करून बाबांनाच विचारलं.

"कोरं म्हणजे वरचंच गं. तेच तेच काय लिहायचं?"

"बाबा, यंत्राला 'वरचंच' कळत नाही."

"मग शिकव की त्याला, प्राध्यापकीणबाई!"

शुद्ध आळस! जन्मभर नकाशे काढलेला माणूस. रेघ केसभर हलली तर अख्खा कागद फाडून टाकायचे. आता चार आकडे लिहवत नाहीत!

गुरुवार, ६ मार्च

जमलं. आज्ञा एका ओळीची — रकाना कोरा असेल तर मागचा आकडा घाल, नसेल तर हा लक्षात ठेव. एकही भोक नाही. फाइल डॉक्टरीणबाईंना आणि दादाला पाठवली, दादाकडून उत्तरादाखल नुसता अंगठा. कौतुकाचे दोन शब्द लिहायला याचे हात मोडतात काय?

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाई प्रसन्न. "संध्याकाळी तर फारच स्थिर आहेत हो! खुशाल राहू द्या त्यांना एकटं."

रविवार, ९ मार्च

बाबांकडे आले आहे. संध्याकाळी यंत्र पुढ्यात ठेवून म्हटलं, "मोजा बघू." बाबांनी बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"मी कशाला? संध्याकाळचा रोज तूच मोजतेस, तूच लिहून नेतेस."

नोव्हेंबरनंतर मी या घरात आजच पाऊल ठेवलं आहे.