फळ्यांखालचे तळे

मी, तोयोनो ओगिवारा, दिवंगत योशिमात्सु ओगिवारा यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा भातशेती व घरकाम, राहणार कामिसावा वाडी, निइगाता प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी कंबर मोडली होती, ती सांधली आहे. डोळे अधू झाले आहेत. डोके मात्र जागेवर आहे, आणि ज्यांना तसे वाटत नसेल त्यांनी डॉक्टरांचा सोबतचा दाखला वाचावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातल्या सर्वांची इच्छा आहे की मी हे लिहू नये.

कलम एक. पती वारल्यानंतर मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही माझी एकुलती एक मुलगी मासुमी हिला दिले होते आणि शेवटी तिच्याबद्दल चार प्रेमाचे शब्दही लिहिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे. त्या चार शब्दांसकट.

कलम दोन. राहते घर, भाताचे दोन्ही तुकडे आणि पोस्टात असलेली शिल्लक मासुमीकडे जाईल. हे मी कायद्याच्या भीतीने लिहीत नाही. ती माझी मुलगी आहे आणि तिला डोक्यावर छप्पर हवे. जावई नोरिओ हा घरजावई म्हणून आमचे आडनाव लावून राहिला. छपरावरचा बर्फ त्याने दर वर्षी कुरकुर न करता उतरवला, हे मान्य आहे. त्याला माझी बर्फाची दोन्ही फावडी द्यावीत. त्यापलीकडे त्याला काय द्यावे हे मला सुचलेले नाही.

कलम तीन. आता तळ्याविषयी. हे कलम लांब होईल. नोटरी साहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात एवढं लागत नाही." मी म्हटले, "तुम्हाला लागत नसेल, मला लागतं."

घराच्या दक्षिणेला, बसायच्या खोलीच्या खिडकीसमोर, मी आणि योशिमात्सुने तळे खणले तेव्हा मासुमी माझ्या पोटात होती. भात कापून झाले होते. तो खणायचा आणि मी धुम्मस घेऊन तळ ठोकायची. सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या, "अगं, पोर पडेल अशाने!" मी म्हणायची, "पडणारं असतं तर कापणीतच पडलं असतं, सासूबाई." खोली योशिमात्सुच्या छातीइतकी ठेवली. त्याहून उथळ केले तर आमच्याकडच्या थंडीत माशांना निजायला जागा उरत नाही. सिमेंट लिंपून झाल्यावर त्याला लगेच मासे सोडायचे होते. नव्या सिमेंटचा खार पाण्यात उतरतो आणि माशांचे कल्ले भाजतात. म्हणून आधी पाणी भरायचे, त्यात भाताचा पेंढा बुडवून ठेवायचा, पाणी सोडून द्यायचे, पुन्हा भरायचे. असे करता करता वसंत आला, मासुमी जन्मली, आणि मग मासे आले. तळे आणि मुलगी एका वयाची आहेत.

मासुमीच्या लग्नाच्या वर्षी योशिमात्सुने रंगीत माशाचे बोटभर लांबीचे एक पिल्लू आणले. पांढरे अंग, पाठीवर लाल. तिचे नाव बेनी. ती हातभर वाढली. पाटाचे पाणी बांबूच्या नळीतून जिथे पडते त्या कोपऱ्यात ती थांबायची, आणि मी हात पाण्यात घातला की खाणे नसले तरी येऊन बोटे चोखायची. योशिमात्सुची बोटे तिने कधी चोखली नाहीत. त्याचा त्याला शेवटपर्यंत राग होता.

तळे राखणे म्हणजे फार काही नाही, रोज लक्ष ठेवणे आहे. उन्हाळ्यात शेवाळ काढावे, पण सगळे काढू नये. पावसात पाटाचे गढूळ पाणी वळवावे. पाने गळू लागली की नळीचे तोंड मोकळे ठेवावे. थंडी पडली की खाणे बंद करावे, कारण मासे तळाला जातात आणि पोटातले अन्न कुजते. मग तळ्यावर फळ्या टाकाव्यात, वर ताडपत्री, आणि त्यावर बर्फ पडू द्यावा. बर्फ वितळून फळ्या आपोआप उघड्या पडेपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही. माशांची झोप मोडू नये, हा आमच्या वाडीचा रिवाज आहे. मासुमीला हे मी शिकवले. तिने ते नीट शिकून घेतले, हे पुढे कळेलच.

कलम चार. गेल्या पानगळीत नळीतली पाने काढताना माझा पाय दगडावरून घसरला आणि कंबर मोडली. मला शहरातल्या इस्पितळात नेले. जाताना मी मासुमीला म्हटले, "फळ्या टाकायला विसरू नकोस." ती म्हणाली, "आई, तू गप पडून राहा. तळ्याचं मी बघते."

तिने बघितले. पहिला बर्फ पडायच्या आत तिने आणि नोरिओने तळे उपसले, मासे कुरोइवा या मासे पाळणाऱ्याला दिले, खड्ड्यात माती टाकली आणि वर काँक्रीट केले. नोरिओच्या गाडीला जागा झाली.

मी इस्पितळातून रोज फोन करायची.

"बेनी कशी आहे?"

"झोपलीय गं आई. तूच सांगतेस ना, हिवाळ्यात मासे तळाला जातात."

"फळ्या टाकल्यात ना?"

"टाकल्या. वर बर्फही साचला. आता कोण बघणार खाली?"

माझेच शिकवणे माझ्या कानात ओतत होती. मी फोन ठेवून शेजारच्या खाटेवरच्या बाईला अभिमानाने सांगायची, "माझी मुलगी तळं सांभाळतेय."

भर थंडीत मी घरी आले तेव्हा बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला होता. मला त्याच खिडकीपाशी बसवले. मी म्हटले, "नळीचा आवाज येत नाही." नोरिओ म्हणाला, "बर्फाखाली दबलाय, आई." मी मान डोलावली. असे होते कधी कधी. मी थंडी संपेपर्यंत त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत बसले. सकाळी त्याला नमस्कार करायची. कधी बोलायचीही. मासुमी मागे उभी राहून चहा द्यायची. मी बर्फाशी बोलत होते आणि ती ऐकत होती.

मग उन्हे तापली. बर्फ खाली बसू लागला आणि मी फळ्यांची वाट बघू लागले. फळ्या आल्याच नाहीत. आधी करडे सपाट काहीतरी दिसले, मग त्यावर गाडीसाठी ओढलेली पांढरी रेघ.

मी मासुमीला हाक मारली. ती आली, बाहेर बघितले आणि खाली बसली.

"आई, त्या तळ्यापायी तू मेली असतीस. पुन्हा घसरली असतीस."

"मग तसं सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. भांडून हरले असते. ते माझं मी बघितलं असतं."

तळे बुजवल्याचा राग वर्षभरात निवला असता. म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू मुले काढून टाकतात, हे मी जगात पाहिले आहे. पण तिने मला हिवाळाभर रिकाम्या जागेपुढे बसवून ठेवले आणि वर चहा दिला. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच असावे. माझ्या पोटच्या पोरीने मला वेड्यात काढले, हे मी इथे शाईने लिहून ठेवते.

कलम पाच. म्हणून घर मासुमीला, पण तळ्याची जागा तिला नाही. त्या तुकड्याची मी मोजणी करून घेतली आहे आणि त्याचा वेगळा उतारा निघाला आहे, तो सोबत जोडला आहे. हा तुकडा, आणि रस्त्यापासून तिथपर्यंतची पायवाट, मी कामिसावाच्या पाणी मंडळाला देते. मंडळाने काँक्रीट फोडून पुन्हा तळे करावे. खर्चासाठी माझे दागिने विकावेत. खोली छातीइतकी. सिमेंटचा खार पेंढ्याने काढल्याशिवाय एकही मासा सोडू नये, कोणी कितीही घाई केली तरी. तळे वाडीचे राहील आणि ज्याला मासे बघायचे असतील त्याने खुशाल यावे. मासुमीच्या खिडकीसमोरून यावे. तिने खिडकी बंद केली तरी माझी हरकत नाही.

कलम सहा. बेनी, आणि शिवाय योशिमात्सुची जाळी, टोपल्या, लाकडी हौद हे सर्व कुरोइवा यास द्यावे. त्याने मासे घेतले तेव्हा मला विचारले नाही, तरी निदान जगवले. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, "ती बघा काकू, पलीकडच्या कडेला." लाल रंग मला फिका वाटला. तो म्हणाला, "पाणी बदललं की रंग उतरतो. तुम्हाला मी काय सांगायचं?" खरेच आहे, आम्ही मासे पाळणारे सगळे हेच म्हणतो. मग ती आली. त्याच्या हातचे खाल्ले, माझ्या हातचे खाल्ले आणि वळून गेली. माझ्या बोटांना तिने तोंडही लावले नाही. एका हिवाळ्यात ती मला विसरली. मी घरी येऊन जेवले नाही. माणसांचे ठीक आहे, पण तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

कलम सात. शेजारीण फुसाए सेकिने हिला माझे लोणच्याचे देवदारी पीप द्यावे. त्यातला मुळा तिला आवडतो. पण हेही नोंदवावे की ही बाई थंडीभर त्या खिडकीपाशी माझ्यासोबत चहा पीत बसली आणि तिला सर्व ठाऊक होते. मी विचारले तेव्हा म्हणाली, "मासुमीनं हात जोडले गं. म्हणाली, बर्फ गेला की मीच सांगते."

"आणि तू माझ्याबरोबर बर्फाकडे बघत बसलीस?"

"मी बिस्किटांकडे बघत होते," ती म्हणाली.

साऱ्या वाडीने तोंडात मूग धरले होते. म्हणून या मृत्युपत्राची साक्षीदार मी मुद्दाम फुसाएलाच केले. नोटरी साहेब म्हणाले, पीप मिळणाऱ्या बाईला साक्षीदार होता येणार नाही. तेव्हा पीप तिला आजच देऊन टाकले, आणि या कलमातले देणे पुरे झाले असे समजावे. एकदा गप्प बसलीस, आता सही कर, असे मी तिला म्हटले आहे.

कलम आठ. माझ्या अंत्यविधीला फुले थोडी असावीत. भाषणे नसावीत.

कलम नऊ. हे मृत्युपत्र मी कपाटात लपवून ठेवणार नाही. आज रात्रीच्या जेवणात मासुमी आणि नोरिओ यांना सगळे वाचून दाखवणार आहे, आणि सही उद्या करणार आहे. या घरात लपवालपवी एकदा झाली, तेवढी पुरे.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी सकाळी, सहीपूर्वी लिहिलेली.

काल वाचून दाखवले. नोरिओ मान खाली घालून भात खात राहिला. कलम पाच होईपर्यंत मासुमीही जेवत होती. कलम सहा ऐकताना तिने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"आई, थांब. अजून एक आहे."

"अजून काय बुजवलंस?"

"बेनी कुरोइवाकडे गेलीच नाही. तळं उपसताना ती हौदातून उडाली आणि दगडावर आपटली. नोरिओ धावला, पण ती वाचली नाही. तुला दाखवला तो दुसरा मासा होता. मीच कुरोइवाला सांगितलं होतं तसं कर म्हणून."

मी विचारले, "मग ती कुठाय?"

"तिथेच. माती टाकायच्या आधी मी खाली उतरले. तुझ्या निळ्या पंच्यात गुंडाळून तळाशी ठेवली."

"कुठे, तळाशी?"

"नळीच्या कोपऱ्यात. ती थांबायची तिथे."

मला आधी राग आला, तो कलम चारमधल्या रागाहून मोठा होता. मग लक्षात आले की बेनी मला विसरली नव्हती, ज्या माशाने माझी बोटे चोखली नाहीत तो मला ओळखतच नव्हता. त्याचा मला आनंद झाला. आणि ती मेली म्हणून रडू आले. हे सगळे एकाच वेळी, ताटापुढे. मासुमीही रडत होती. तिला मी जवळ घेतले नाही.

म्हणून पुढील दुरुस्त्या:

कलम सहा रद्द. कुरोइवाला काहीही देऊ नये. जाळी, टोपल्या आणि हौद पाणी मंडळाकडे जावेत.

कलम पाचमध्ये वाढ: काँक्रीट यंत्राने फोडू नये. छिन्नी-हातोड्याने फोडावे, आणि नळीच्या कोपऱ्यातली माती हाताने काढावी. ती मासुमीने काढावी. तिथे काय आहे हे तिलाच माहीत आहे. तिला मदत लागली तर फक्त नोरिओने करावी.

मासुमीला मी माफ केलेले नाही. पण शेवटची गोष्ट तिने मला स्वतः होऊन सांगितली, कोणी विचारले नसताना, आणि ती सांगून तिचा काही फायदा नव्हता. हेही वरच्याइतक्याच ठळक शाईत लिहून ठेवते.

आज पहाटे नोरिओने गाडी काढून रस्त्यावर लावली. त्याला कोणी सांगितले नव्हते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांसमोर त्यावर माझा शिक्का उठवला.

तोयोनो ओगिवारा (सही व शिक्का)

साक्षीदार पहिली: फुसाए सेकिने, शेजारीण. (सही व शिक्का. माझ्याबद्दल लिहिलेले सर्व खरे आहे. पीप मिळाले.)

साक्षीदार दुसरे: तोमोहारु काताओका, निवृत्त पोस्टमास्तर. (सही व शिक्का)

स्थळ: कामिसावा वाडी, ओगिवारा यांच्या बसायच्या खोलीत, खिडकीपाशी.
तारीख: ९ जून, रेइवा सहावे वर्ष (इ. स. २०२४).