ओव्हनमधला पाहुणा

दि. ३ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तू शोध लावल्याचे तुझ्या आईने सगळ्या नातेवाइकांना कळवले, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. एरवी मी गप्प बसले असते. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेली बाई गप्प बसेल यावर तुझा विश्वास नसेल, तो भाग वेगळा.

तुझा आलेख पाहिला. झिओलाइटच्या, म्हणजे त्या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाच्या, पुडीत मिथेनॉल मुरवून ती तापवली की एकदा वजन घटते, ते ठीक. आणखी तापवल्यावर पुन्हा घटते, म्हणून मिथेनॉल पुडीत दोन तऱ्हांनी चिकटून बसते, असे तुझे म्हणणे. पण तुमचा काटा किती गेले ते सांगतो, कोण गेले ते सांगत नाही. मागच्या आठवड्यात तुझ्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा तुझी भाजून रिकामी केलेली पूड उघड्या बशीत ओव्हनमध्ये निवत होती. शेजारी कुणाची तरी ॲसिटोनने विसळलेली भांडी. आग लागली नाही हेच नशीब. इतकी भुकेली पूड समोर येईल ती वाफ गिळणारच. मिथेनॉल न घालता चाचणी घेतलीस ती कुठल्या पुडीची?

राग आला तर येऊ दे, माया आटू देऊ नकोस.

तुझी आत्या

दि. ६ मार्च

ती. आत्यास सा. न.

राग आलाच. चाचणी बंद बाटलीतल्या पुडीची घेतली होती, तिच्यात काही निघालं नाही. सर म्हणाले, आत्यांना सांग, त्यांचा काळ गेला. शुक्रवारी समितीपुढे माझं भाषण आहे, त्यावर शिष्यवृत्तीचं पुढचं वर्ष ठरणार. आईला ‘झिओलाइट’ नीट म्हणता येत नाही, तरी सांगत सुटली आहे. बाबा म्हणतात, तुझी आत्या फुलदाणीतसुद्धा आधी कुजकं पाणी हुंगते.

ओव्हनमध्ये बसलेल्या पुडीची चाचणी मात्र घेतलेली नाही. उद्या घेते, तुझ्या समाधानासाठी, दुसरं काही नाही.

भांडले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.

खारू

दि. १० मार्च

सौ. वहिनीस स. न. वि. वि.

लेक फोन उचलत नाही म्हणून घोर लावून घेऊ नका. ती माझ्याकडे आहे. जेवते, माझ्याशी बोलत नाही.

मिथेनॉलचा थेंबही न घातलेल्या, नुसत्या ओव्हनमध्ये बसलेल्या पुडीचे वजन आलेखात नेमके त्याच दुसऱ्या ठिकाणी घटले. तुम्हाला कळेल असे सांगते. आपले पाहुणे दोनदा निरोप घेतात असे पोरीला वाटले होते. दुसऱ्यांदा उठले ते शेजाऱ्यांचे होते.

सरांकडे जा असे मी तिला म्हटले नव्हते. सकाळी मी अंथरुणातून उठायच्या आत निघून गेली. सर म्हणाले, त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. शिष्यवृत्तीचे पुढचे वर्ष गेले असे समजा. ज्यांना ज्यांना कळवलेत, त्यांना आता तुम्हीच कळवा. दादाला सांगा, नाक अजून शाबूत आहे.

आहे तो लोभ पुरे, वाढवलात तर हरकत नाही.

तुमची नणंद

ता. क. तिने सरांच्या हाती दिले ते असे: दोन्ही आलेख, ओव्हनमधली उरलेली पूड, भाषण मागे घेत असल्याचा अर्ज. सरांनी पोच दिली ती फक्त पुडीची; चूक तिने स्वतः शोधली याचा कागद कुठेच नाही.