डोळा न दिलेले मासे

बाई, मासे सापडले. तुमच्या पणजोबांचे. तुम्ही असता तर मी हे लिहीत बसले नसते, धावत आले असते कळव्याला, थेट तुमच्या किचनमध्ये, आणि तुम्ही म्हणाला असता, "आधी पाय धू गो, मग बोंबल." तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुम्ही ओळखायचात ती नववीतली मुलगी मी राहिलेली नाही. आम्ही डोंबिवलीला शिफ्ट झालो, मी नोकरी करते, आणि मराठी लिहिताना अजूनही ऱ्हस्व की दीर्घ ते मोबाईलवर बघते. इंग्लिश मीडियम. तुम्ही खूप हसायचात त्यावर. तरी हे मराठीतच लिहितेय, कारण तुम्हाला इंग्लिशमध्ये काही सांगायचं म्हणजे तुमच्या ताटात काटा-चमचा ठेवण्यासारखं आहे.

परदेशातल्या एका लायब्ररीने जुनी चित्रं स्कॅन करून वेबसाईटवर टाकलीयेत. अंदमानात ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत होती तेव्हा तिथल्या एका डॉक्टरसाहेबाने ती जमवली होती. मी लंच टाइममध्ये असंच बघत होते. मला तुम्ही लावलेलं वेड आहे हे, जुनी चित्रं दिसली की जेवण थंड होतं. एक निळा-हिरवा मासा, मला नाव माहीत नसलेला. खवले असे काढलेत की बोटाला लागतील. पंख, कल्ले, शेपटीची फाटलेली कड, सगळं आहे. मी झूम केलं, आणि डोळ्याच्या जागी कोरा कागद. गोल, स्वच्छ, काठ नीट राखलेला. दुसरा मासा, तसंच. तिसरा, तसंच. खाली इंग्लिशमध्ये लिहिलंय: चित्रकार, ठाण्याचा एक कैदी. चित्रं अपूर्ण. अपूर्ण! मी ऑफिसमध्ये एवढ्या मोठ्याने "अपूर्ण काय अपूर्ण!" ओरडले की शेजारच्या मुलाला वाटलं माझं काम राहिलंय.

तुमचा चित्रकलेचा क्लास मला अजून वासासकट आठवतो. क्लास म्हणजे तुमचं किचन. ओट्यावर स्टीलच्या ताटात बाजारातून आत्ताच आणलेले बांगडे, आणि खाली लादीवर आम्ही चार-पाच जण, मांडीवर पॅड. तुमचा नियम एकच. गॅस पेटायच्या आत चित्र झालं पाहिजे. "मेलेल्या माशाचा रंग पळतो," तुम्ही सांगताय, कोयता पुसत. "पाठीवरचा हिरवा बघा, बघा, चालला. तुम्ही रबर शोधत बसा." मग आम्ही घाईघाईत रंगवायचो आणि नंतर तेच बांगडे तळून खायचो. आई वैतागायची. तिला वाटायचं एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चाललीय, आणि मी घरी यायचे हाताला हळद-तिखटाचा वास घेऊन. शाळेत आम्हाला कार्टून फिश शिकवलेला: आधी एक मोठा गोल डोळा, मग त्याच्याभोवती मासा. पहिल्याच दिवशी मी तेच केलं. तुम्ही माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतलीत. रागावून नाही, तव्यावरून उलथणं काढावं तशी. "डोळा पहिला? कुठे जायचंय त्याला, अजून अंग नाय, शेपूट नाय, आणि बघायला लागला?" सगळे हसले. मला रडू आलं. मग तुम्ही बांगडे साफ करता करता पणजोबांची गोष्ट सांगितलीत, आणि मी रडायची विसरले.

ते होड्या रंगवायचे, कळव्याच्या खाडीवर. नवीन होडी झाली की अंग रंगवायचं, पट्टे काढायचे, आणि डोळे सगळ्यात शेवटी, होडी पाण्याला टेकली की, नारळ फुटला की. तुमच्या घरात असं मानायचे की डोळा दिला की होडी घर ओळखते. कुठेही गेली तरी परत येते. म्हणून ज्या होडीला परत यायचंय तिलाच डोळा द्यायचा. एकदा नुकतेच डोळे दिलेली होडी जकातीच्या शिपायाने पकडली. भांडण झालं. पणजोबांच्या हातात वल्हं होतं. शिपाई मेला. हे सांगताना तुमचा आवाज बदलला नाही, बाई, मला ते नीट आठवतं. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ते फ्रीडम फायटर होते?" तुम्ही म्हणालात, "भांडखोर होते. त्या शिपायाची पण बायको असेल ना रे कुठेतरी." आणि बांगड्याचं डोकं खटकन तोडलंत.

खटला ठाण्यात झाला. आधी ठाण्याच्या किल्ल्यातला तुरुंग, मग जहाज, मग काळं पाणी. जन्मठेप. घरी बायको आणि रांगतं पोर. तिकडे पायात बेडी, गळ्यात नंबरचा लाकडी बिल्ला, जंगल तोडायचं काम. बराकीच्या भिंतीवर कोळशाने होड्या काढताना ते पकडले गेले. फटके पडणार होते, पण डॉक्टरसाहेबाने भिंत बघितली आणि त्यांना बोलावून घेतलं. साहेबाला मासे जमवायचा नाद होता. रोज सकाळी बादलीतून मासा यायचा आणि रंग पळायच्या आत उतरवायचा. बेडी निघाली, सावली मिळाली, पोटभर भात मिळाला. साहेब खूश. फक्त म्हणाला, डोळे राहिले. पणजोबा म्हणाले, नाही देणार. साहेबाला वाटलं जमत नाही, तो दाखवायला लागला कसा काढायचा. हे हात बांधून उभे. घरी परत न जाणाऱ्या माशाला डोळा कसला? शेवटी परत बेडी, परत जंगल. तिथेच गेले. शिक्षा संपवून परत आलेल्या भिवंडीकडच्या एका माणसाने हे सगळं तुमच्या पणजीला येऊन सांगितलं होतं, आणि त्यांचा निरोप: "सायबाला सगला मासा दिला, डोला नाय दिला." एवढाच. तुमच्या घरात तो निरोप मुलांना झोपवताना सांगायचे, आणि तुम्ही आम्हाला कोथिंबीर निवडताना सांगितलात. तुम्ही स्वतः एकही चित्र कधी बघितलं नव्हतंत. तुमच्याकडे कागद नव्हता, फोटो नव्हता, काही नव्हतं. "असतील नायतर जळली असतील," म्हणायचात. मला आता तेच राहून राहून बोचतं, की तुम्ही न बघता खरं बोलत होतात.

मी पहिला फोन तुमच्या भाच्याला केला. दादा आता मोठा माणूस झालाय, एरियात त्याचे बॅनर लागतात. तो फोनवर रडला, खरंच रडला, मी खोटं सांगणार नाही. म्हणाला, "आत्या असती तर!" मग आठ दिवसांत त्याने हॉल बुक केला, प्रमुख पाहुणे ठरवले, आणि मला सांगितलं की तू बोलायचं. मी खूश. तुमच्याच घरी बोलावलेलं त्याने, आता तिथे तुमच्या वहिनी, म्हणजे दादाची आई, असतात. त्याच ओट्यावर त्याने लॅपटॉपवर फ्लेक्सचं डिझाइन दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत क्रांतिवीर. मागे मशाल. आणि मधोमध आपला मासा, बाई, डोळ्यासकट. कुठल्यातरी अ‍ॅपमधून भरून घेतलेला, काळाभोर, चमकणारा, वर पांढरा ठिपका. माझ्या कार्टून फिशसारखा.

"दादा, डोळा काढून टाका ना," मी म्हटलं.

"अगं, डोळा नसलेला मासा बॅनरवर कसा दिसेल? मेलेला!"

"मेलेलाच होता. साहेबाच्या टेबलावर जिवंत मासा कोण ठेवतो?"

तो हसला, पण डिझाइन बदललं नाही. "लोकांना डिफेक्टिव्ह वाटेल गं. आपण फक्त कम्प्लीट केलं. पणजोबांचं राहिलेलं काम आपण पूर्ण केलं, असं बोल तू स्टेजवर. भारी वाटेल." मी सांगितलं, राहिलेलं नाहीये, नाकारलेलं आहे. साहेबाने बेडी घालून जे मिळवलं नाही ते आपण एका क्लिकमध्ये त्याला देतोय. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "डोल्याचं काय ते बघा तुमचं," त्या म्हणाल्या, "पण ते खुनाबिनाचं बोलायचं नाय हां पोरी. नातीची सोयरीक चाललीय. पाहुणे येनार हायेत कार्यक्रमाला." मी विचारलं, मग काय बोलू, अंदमानला फिरायला गेलेले? वहिनींनी कप जरा जोरात ठेवला. "तिच्या हाताखाली शिकली ना, जिभेवरून कलतंच."

घरी आईसुद्धा म्हणाली, "तुला काय करायचंय? त्यांचा पणजोबा, त्यांचा हॉल." बरोबर आहे. माझा रक्ताचा काही संबंध नाही. पण हे सगळं मला तुम्ही दिलंय, आणि परत द्यायचा पत्ता तुम्ही ठेवलेला नाही. दोघांना आपापला माणूस हवाय: एकाला मशालवाला, एकीला निष्पाप. जो होता तो कोणालाच नकोय. होड्या रंगवणारा, डोकं फिरलं की वल्हं उचलणारा, आणि एका बाबतीत जगातल्या कोणाचंही न ऐकणारा. मला तोच हवाय. मी माझ्यापुरतं ठरवलं की तो कोरा गोल गेला तर सगळंच गेलं, मग उरतो फक्त एक चांगला मासा, आणि चांगले मासे बाजारातही मिळतात.

कार्यक्रमाच्या दिवशी मी लवकर गेले. तुम्ही शेवटच्या वर्षी दिलेला ब्रश माझ्या बॅगेत होता, तो खारीच्या केसांचा, सुईसारखा. तेव्हा तुम्ही आजारी होतात, पलंगावरूनच दिलात, आणि म्हणालात, "ह्याने फक्त डोळा. बाकी काय रंगवलंस तर बघ." मी तो स्टेजवर दाखवणार होते. हॉलमध्ये फ्लेक्स लागलेला, भिंतभर, आणि तो मासा माझ्याकडे बघत होता. त्याला घर बिर काही माहीत नव्हतं, बाई, तो नुसता बघत होता. मी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा सगळ्यात छोटा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, ब्रश पण घ्या. घेतला नाही. डोळ्याचं काम होतं.

खुर्चीवर चढून मी रंगवायला लागले. एवढा मोठा डोळा आणि एवढासा ब्रश, किती वेळ लागतो तुम्हीच विचार करा. लोक यायला लागलेले. मागून दादाचा आवाज, "अगं ए! काय करतेस! नवीन फ्लेक्स आहे!" मी मागे बघितलंच नाही, हात हलला असता. पहिल्या रांगेतून वहिनी बोलल्या, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा: "ऱ्हाव दे रे. तुझ्या तोंडाला फासलं नाय ना? त्याला डोला नव्हताच. सासूबाय सांगायच्या मला." हॉल हसला. दादाने हात जोडल्यासारखे केले आणि जाऊन पाहुण्यांशेजारी बसला. मी डोळा पूर्ण पांढरा करूनच उतरले. क्रांतिवीर हा शब्दही पुसणार होते, पण तेवढा रंग उरला नव्हता.

मग मी माइकवर गेले, हाताला रंग तसाच, आणि जसं तुम्ही सांगितलं होतं तसंच सांगितलं. वल्हं सांगितलं. शिपाई मेला ते सांगितलं, आणि त्याची पण बायको असेल हे सांगितलं. वहिनींनी तेव्हा पदर तोंडावर घेतला आणि खाली बघत राहिल्या, आणि मला वाटलं मी थांबावं. थांबले नाही. मी म्हटलं, लायब्ररीला मी ईमेल केलाय की अपूर्ण हा शब्द काढा, आणि त्यांनी नाही काढला तर परत करीन, परत करीन, माझं इंग्लिश चांगलं आहे. टाळ्या फार वाजल्या नाहीत. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते. निघताना वहिनींनी मला गेटपाशी गाठलं. मला वाटलं आता आहे माझी. त्या म्हणाल्या, "सोयरीक मोडली तर नवरा तूच शोधायचास," आणि तळलेल्या मांदेलीचा डबा माझ्या हातात कोंबला. त्यात माया होती की राग, मला अजून कळलेलं नाही. डबा मात्र परत न्यायचाय.

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही. तुमच्या ओट्यावर ठेवून आले तर वहिनी त्याच्यावर मासे साफ करतील, आणि तेही वाईट नाही. पण नाहीच देणार. खरं कारण सांगू? तो ब्रश गेला, बाई. ऑइलपेंट केसांत घट्ट बसलाय, थिनरमध्ये भिजवला, साबण लावला, निघत नाही. फ्लेक्सबद्दल तुम्ही मला काही बोलला नसतात. दादाबद्दलही नाही. पण ब्रश बघून तुम्ही जे बोलला असतात ना, त्याला मी अजून घाबरते.