वेशाखालचे पाय

३ तारीख, सोमवार

फोनवर आईचं तोंड दिसलं तशी भिंगरीने फोन उशीखाली खुपसला आणि वर स्वतः बसली. "ही नाही. आपली आई दाखव."

दवाखान्यातल्या औषधाने माझ्या लेकीचे केस गेले, भुवया गेल्या, तोंड सुजून डबा झालंय. चार वर्षांच्या नातीला काय समजावू? उशीखालून लेकीची हाक येतच होती. शेवटी फोन ओढून काढला, म्हटलं, झोपली गं ती. खोटं बोलायला शाळा लागत नाही.

४ तारीख

जावयाने वाचनालयातून पुस्तक आणलं. जाड पुठ्ठ्याची पानं, चावली तरी फाटायची नाहीत. एक मूल पानापानावर वेश घालतं – सिंह, राजा, पाणबुड्या, चादर पांघरलेलं भूत. शब्द पानाला चार. याला पुस्तक म्हणायचं, तर मी इथे लिहिते त्याला महाग्रंथ म्हणावं.

६ तारीख

सिंहाचं पान आलं की भिंगरी माझ्या काखेत तोंड लपवते. "त्याला खाल्लं सिंहाने."

मी म्हटलं, तोंडाकडे बघूच नकोस ना, सिंहाने त्याला कुठे ओरबाडलंय का ते बघ – आणि पान दाखवता दाखवता माझंच बोट अडलं. सिंहाच्या केसाळ अंगाखाली मुलाचे उघडे पाय. राजाच्या झग्याखाली तेच. भुताच्या चादरीखाली तेच. करंगळीला चिंधी बांधलेली, ती चिंधीसुद्धा पानोपानी तीच! लिहिलेलं कुठेच नाही. एकेक अक्षर लावून बघितलं, नाहीच. चित्र काढणाऱ्याने गुपचूप ठेवून दिलंय.

"पाय बघ," म्हटलं. "तोंडाने फसशील."

भिंगरीने सिंहाच्या पायावर बोट ठेवलं. "आत तोच आहे." मग पान उलटलं. "आत तोच आहे." असं शेवटपर्यंत. माझ्या उभ्या जन्मात मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

७ तारीख

पुस्तक पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

९ तारीख

घराचा तमाशा झालाय. पोरगी टेबलावरचं कापड पांघरून येते, "ओळख मी कोण." जावई डोक्यावर कपड्यांची टोपली घालून आला, तर हिने आधी वाकून पाय तपासले, मग "बाबा." विजेचं मीटर बघायला माणूस आला, त्याला बूट काढायला लावले. "आत कोण आहेस?" तो बिचारा म्हणाला, "मीच आहे बाळ." मी म्हटलं, खात्री आहे ना? नाहीतर आकडा चुकवाल.

१२ तारीख

लेक उद्या घरी येणार. फोनवर म्हणाली, "आई, ती मला बघून पळाली तर मी दवाखान्यातच बरी. तिथे निदान मला कुणी घाबरत नाही."

म्हटलं, गप ये. खाट झाडून ठेवलीय. फोन ठेवला आणि झाडलेली खाट पुन्हा झाडली.

१३ तारीख

आली. पाय बर्फासारखे. माझे जाड लोकरीचे मोजे चढवले तिला, वरून घोंगडी खोचली.

भिंगरी दारात आली. तोंडाकडे बघितलंच नाही. थेट खाटेच्या पायथ्याशी गेली, घोंगडी उचलली, बघितलं – आणि धूम ठोकली. स्वयंपाकघरात टेबलाखाली. लेकीने भिंतीकडे तोंड केलं. जावई म्हणाला, "वेळ द्यायला हवा." वेळ म्हणे. याच्या दुकानात मिळतो वाटतं.

मी गुडघे धरून टेबलाखाली शिरले. "काय झालं गं?"

"ती आई नाही. ती तू आहेस."

"मी इथे आहे ना, बये."

"तुझे मोजे आहेत. आत तू आहेस. मग आई कुठाय?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! पाय बघ म्हणून मीच शिकवलं आणि मीच पाय झाकले.

गेले, दोन्ही मोजे ओढून काढले. लेक दचकली, "आई, थंडी वाजते." म्हटलं, वाजू दे.

भिंगरी हळूहळू आली. आमच्यात अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं असतं. लेकीचं आहे, पोरीचंही आहे. ते तिने चिमटीत धरलं. "हलव."

लेकीने हलवलं.

"आईच आहे आत," पोरगी जावयाला म्हणाली, जणू मीटर तपासून झालं. मग पायाकडूनच घोंगडीत शिरली, रांगत वर गेली आणि लेकीच्या हनुवटीखाली डोकं काढलं. बोडक्या डोक्यावरून हात फिरवून बघितला.

"वेश घट्ट बसलाय. टोचतो का?"

"टोचतो गं," लेक म्हणाली.

मी मोजे हातात घेऊन उभी. देऊळ नाही, देव नाही, तरी चपला बाहेर काढून यावं असं वाटलं.

१५ तारीख

सकाळी जाग आली ती पायाला गार लागून. भिंगरीने माझं पांघरूण वर केलं होतं आणि माझं ते अंगठ्यावर चढलेलं बोट चिमटीत धरलं होतं. खाटेकडे वळून हाक मारली, "आई, इथे आत पण तूच आहेस."